दहा मिलिमीटरच्या वर्तुळाची किंमत

पन्नास मीटर रायफलच्या ऑलिंपिक निशाणात दहा गुणांचे वर्तुळ मधोमध असते आणि त्याचा व्यास अवघा 10.4 मिलिमीटर असतो. गोळी स्वतःच 5.6 मिलिमीटर जाड. भोक वर्तुळाच्या रेघेला नुसते शिवले तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्यबिंदू केंद्रापासून जास्तीत जास्त आठ मिलिमीटर सरकलेला चालतो. अंतिम फेरीत तेवढीही मोकळीक नसते, कारण तिथे गुण दशांशात मोजतात. एका दशांशाची पायरी 0.8 मिलिमीटरची आणि सर्वोत्तम नेमाला 10.9. रायफलीवरच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण पाऊण मीटर अंतर धरले, तर पुढची साइट मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी हलली की गोळी दहातून बाहेर गेलीच.

1 ऑगस्ट 2024 रोजी फ्रान्समधल्या शातोरू इथे, पॅरिस ऑलिंपिकच्या रेंजवर, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने याच निशाणावर गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरला. 451.4 गुणांवर त्याला कांस्यपदक मिळाले. थ्री पोझिशन या प्रकारातले भारताचे हे पहिले ऑलिंपिक पदक. त्याच्या धैर्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण असा नेम ज्या यंत्राने साधतो, ते यंत्र काय असते आणि त्याला इतके पैसे का पडतात, हे क्वचितच कोणी सांगते. सांगण्यासारखे मात्र त्यात खूप आहे.

ही रायफल .22 बोअरची. एनसीसीत गेलेल्यांना ती ‘पॉइंट टू-टू’ म्हणून ठाऊक असते. तिचे काडतूस रिमफायर जातीचे असते, आणि सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक वेगळी टोपी बसवलेली असते. पिन तिच्यावर आदळते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. रिमफायरमध्ये अशी टोपी नसते. पितळी कवचाच्या बुडाची कड बाहेर दुमडलेली असते, त्या पोकळ कडेत स्फोटक मिश्रणाचा पातळ थर असतो आणि पिन थेट कडेवर बसते. पॅरिसच्या लुई निकोला फ्लोबेर याने 1845 मध्ये अगदी साधी सुरुवात केली: एक स्फोटक टोपी आणि तिच्या तोंडाशी बसवलेली गोळी, घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजी करण्यासाठी. 1857 मध्ये अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसनने आपल्या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी .22 शॉर्ट काडतूस आणले. 1887 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्टीव्हन्स कंपनीने .22 लाँग रायफल हे काडतूस तयार केले. आज ऑलिंपिकमध्ये जे झाडले जाते ते हेच. जवळजवळ 140 वर्षे झाली, मापे तीच राहिली.

रचना स्वस्त आणि सोपी असल्यामुळे हे काडतूस जगभर पसरले. पण याच रचनेत एक मोठी अडचण दडलेली आहे. टोपीचे काडतूस झाडल्यावर रिकामे कवच पुन्हा भरता येते. असे काडतूस वापरणारा नेमबाज घरी बसून दारू तराजूवर तोलतो, टोपी बदलतो आणि आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस स्वतः बनवतो. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कड एकदा ठेचली की कवच संपले. कारखान्यातून जे येते तेच झाडायचे, आणि त्यात उणीव असेल तर जगातल्या सर्वोत्तम नेमबाजालाही ती हाताने दुरुस्त करता येत नाही.

उणीव म्हणजे किती, हे साध्या हिशेबाने पाहता येते. स्पर्धेची गोळी 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅम वजनाची असते. ती नळीतून सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने निघते. हा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाखाली ठेवलेला असतो, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा खाली येणारी गोळी त्या उंबरठ्यावर डळमळते. पन्नास मीटरपर्यंत सरासरी वेग सेकंदाला 315 मीटर धरला, तर गोळीला पोचायला 0.159 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे 123 मिलिमीटर खाली येते. आता दुसऱ्या काडतुसाच्या कडेत मिश्रण किंचित कमी बसले आणि सरासरी वेग फक्त पाच मीटरने घटला असे समजा. ती गोळी चार मिलिमीटर आणखी खाली लागेल. नेमबाज जराही हललेला नाही, श्वास जागच्या जागी आहे, चाप अलगद सुटला आहे, आणि तरी 0.8 मिलिमीटरच्या हिशेबाने अर्धा गुण गेला!

म्हणून चांगल्या रिमफायर रायफलीत आपण मुख्यतः एकसारखेपणा विकत घेतो, असे मला ठामपणे वाटते. ताकद तर प्रत्येक .22 मध्ये जवळपास सारखीच असते.

हा एकसारखेपणा घडवणाऱ्या कारखान्यांचे माहेर जर्मनीत आहे. थुरिंगियातल्या झेला-मेहलिस या डोंगराळ भागात बंदुका घडवण्याची जुनी परंपरा होती. युलियस गॉटफ्रीड आन्शुट्झ याने 1856 मध्ये तिथेच आपला कारखाना काढला. कार्ल वाल्थरही तिथलाच. दुसऱ्या महायुद्धानंतर हा प्रदेश सोव्हिएत ताब्यात गेला, कारखाने मोडले आणि दोन्ही घराण्यांनी पश्चिमेला उल्म शहरात नव्याने संसार मांडला. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांनी थोड्याच वर्षांत रिमफायर रायफलीचे जागतिक मानक ठरवावे, ही मला औद्योगिक इतिहासातली एक विलक्षण घटना वाटते. आन्शुट्झची ‘54’ नावाची ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून झाडणारी यंत्रणा, त्याच काळातली, आणि तिच्या वंशातल्या रायफली आजही ऑलिंपिकच्या रेंजवर दिसतात. स्वित्झर्लंडचे ग्र्युनिग अँड एल्मिगर आणि ब्लायकर, ओबर्नडॉर्फचे फाइनवेर्कबाउ ही याच पंगतीतली आणखी काही नावे.

पैसा जातो कुठे, तर सर्वात आधी नळीत. नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा गोळीला फिरकी देतात; .22 मध्ये हा पीळ सहसा सोळा इंचांत एक फेरा इतका असतो. खाचांची खोली आणि नळीचा व्यास पहिल्या इंचापासून शेवटच्यापर्यंत सारखा राहायला हवा. कुठे जरा सैल झाली की मऊ शिशाची गोळी तिथे पकड सोडते. त्यानंतर चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा. साध्या रायफलीत ही जागा ऐसपैस ठेवतात, कारण कोणत्याही कंपनीचे, मळके काडतूसही तिथे विनातक्रार बसायला हवे. स्पर्धेच्या रायफलीत ती इतकी घट्ट कोरलेली असते की काडतूस आत सारणारा बोल्ट बंद करतानाच गोळीचे नाक खाचांत रुतते. झाडलेच नाही आणि काडतूस तसेच बाहेर काढले, तर शिशावर खाचांचे बारीक ठसे उमटलेले दिसतात. याचा अर्थ स्फोट होण्याआधीच गोळी नळीच्या मध्यरेषेवर बसलेली असते. शेवटी नळीचे तोंड. गोळी सुटते त्या क्षणी मागचा वायू चहूबाजूंनी सारखा निसटला पाहिजे. तिथे एक खरवड असली तर वायू एका बाजूने आधी सुटतो आणि गोळीला शेवटचा धक्का देतो.

चापाचा खर्च वेगळा. बोटावरचा भार शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, दोन टप्प्यांचा, आणि हजार वेळा ओढला तरी त्याच बिंदूवर सुटणारा. चाप सुटल्यापासून पिन कडेवर आदळेपर्यंतचा वेळ जितका कमी, तितकी शरीराच्या थरथरीला संधी कमी. दस्ता आता बहुधा ॲल्युमिनियमचा असतो; गाल टेकवायची पट्टी, खांद्याचा हूक, हाताचा टेकू हे सगळे मिलिमीटरने मागेपुढे सरकवता येते. एकूण वजनाची मर्यादा आठ किलो. नवखे पालक हा दस्ता पाहून भारावून जातात, पण माझ्या मते इथे घाई करू नये. वाढत्या वयाच्या मुलाला नीट बसणारा साधा लाकडी दस्ता चालतो. नळी आणि चाप मात्र उत्तम हवेत.

किमतींची उतरंड अमेरिकेच्या बाजारात स्पष्ट दिसते. रुगर 10/22 ही अर्धस्वयंचलित रायफल 1964 मध्ये साडेचौपन्न डॉलरला बाजारात आली आणि आजवर पन्नास लाखांहून जास्त विकली गेली. आज ती तीन-चारशे डॉलरच्या घरात मिळते. शेतावर, डबे उडवायला, मुलांना शिकवायला ती उत्तम. तिच्या वर चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोदची सीझेड 457, सुमारे पाचशे डॉलरपासून पुढे. हिची नळी तिच्या किमतीच्या मानाने फारच चांगली असते, आणि स्वतःच्या पैशाने पहिली गंभीर रायफल घेणाऱ्याला मी निःसंकोच हिच्याकडे पाहायला सांगेन. ऑलिंपिक दर्जाची आन्शुट्झ किंवा तिच्या तोडीची रायफल चार-पाच हजार डॉलरच्या पुढे जाते. दहापट पैसे दिल्यावर दहापट अचूकता मिळत नाही. साध्या रायफलीचा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर पडलेल्या भोकांचा घेर, पन्नास मीटरवर चार-पाच सेंटिमीटरचा असेल, मधलीचा दोनच्या आत आणि सर्वात वरचीचा, निवडक काडतुसांसह, दहाच्या वर्तुळात मावणारा. शेवटचा सेंटिमीटर सर्वात महाग पडतो. पण पदके त्या शेवटच्या सेंटिमीटरातच असतात, त्यामुळे त्याला वायफळ खर्च म्हणता येत नाही.

खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. साधे .22 काडतूस अमेरिकेत दहा सेंटच्या आसपास पडते. इंग्लंडच्या इलीचे टेनेक्स किंवा त्या दर्जाचे दुसरे काडतूस त्याच्या चार-पाच पट. वर्षाला दहा हजार गोळ्या झाडणाऱ्याने सगळा सराव सर्वोत्तम काडतुसांवर केला, तर एका वर्षात चार-पाच हजार डॉलरचा धूर होतो. म्हणजे दरवर्षी एक नवी रायफल! म्हणूनच जाणकार नेमबाज रोजच्या सरावाला मधल्या दर्जाची काडतुसे वापरतात आणि उत्तम ती स्पर्धेसाठी जपतात.

आणि उत्तम म्हणजे नुसते महाग नव्हे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या काडतुसांत एका लॉटचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा निराळा असतो, आणि जो लॉट एका रायफलीला मानवतो तो शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही. मग इली, लापुआसारख्या कंपन्यांच्या चाचणी-केंद्रांवर नेमबाज आपली रायफल घेऊन जातात. दस्ता काढून नळी आणि ॲक्शन जड पकडीत घट्ट आवळतात, म्हणजे माणसाचा हात हिशेबातून बाद होतो. एका लॉटच्या दहा गोळ्या झाडायच्या, ग्रुप मोजायचा. मग दुसरा लॉट, तिसरा, चौथा. काडतूस बदलले की आधीच्या गोळ्यांचे मेण नळीत राहिलेले असते, म्हणून सुरुवातीच्या काही गोळ्या हिशेबात धरत नाहीत. पडद्यावर एकेक ठिपका उमटत जातो आणि एखाद्या लॉटला अचानक सगळे ठिपके एकमेकांवर चढतात. तो लॉट सापडला की त्याच क्रमांकाची हजारो काडतुसे एकदम उचलायची, स्वेटर विणणारी बाई एकाच लॉटची लोकर पुरेशी घेऊन ठेवते तशी. मध्येच संपली तर पुन्हा तीच मिळत नाहीत.

आपल्याकडे या सगळ्यावर कायद्याचा आणि आयातीचा थर चढतो. ठरावीक मर्यादेतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून बहुतेक मुले दहा मीटरवर सुरुवात करतात. .22 मात्र 1959 च्या शस्त्र कायद्यात येते. त्यासाठी परवाना हवा, आणि परदेशी रायफल आणायची तर स्पर्धेतली कामगिरी आणि संघटनेची शिफारस हवी. ही संघटना म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया. ती 1951 मध्ये स्थापन झाली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब गणेश वासुदेव मावळंकर यांच्या पुढाकाराने, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही राष्ट्रीय पातळीची वाट उघडते. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथे पडून) 600 पैकी 597 गुण मिळवून जगज्जेत्या झाल्या. नेमबाजीत जागतिक विजेतेपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. साध्या घरांत रायफलीचा निर्णय संपूर्ण कुटुंबाचा असतो. त्यामुळे क्लबच्या सामाईक रायफली आणि सरकारी काडतुसांचा कोटा यांचे मोल शहरातल्या सुखवस्तू माणसाला वाटते त्याहून खूप मोठे आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत ही सोय वाढायला हवी, असे मला मनापासून वाटते.

एका बाबतीत ही महाग वस्तू खरेदीदाराला उदार परतफेड करते. शिशाची मऊ गोळी, मेणाचा लेप आणि स्फोटाचा कमी दाब यांमुळे रिमफायरची नळी फार हळू झिजते. नीट निगा राखली तर लाखभर गोळ्यांनंतरही ती स्पर्धेच्या लायक राहू शकते. म्हणून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या आन्शुट्झ आजही युरोपातल्या क्लबांत रोज झाडल्या जातात आणि जुन्या म्हणून विकल्या तरी चांगला भाव आणतात. जुनी घ्यायची असेल तर दस्त्यावरच्या ओरखड्यांकडे दुर्लक्ष करावे. नळीच्या तोंडाशी भिंग धरून कड शाबूत आहे का पाहावे. चेंबरच्या पुढे, खाचा सुरू होतात तिथे, जळलेल्या मिश्रणाचे कडक कडे साचते, ते साफ करून मगच आतला पृष्ठभाग तपासावा. बोल्टच्या पिनेने चेंबरच्या काठावर ठसा पाडला आहे का, हेही बघावे, कारण रिकाम्या चेंबरवर वारंवार चाप ओढलेल्या रायफलीत तो आढळू शकतो. शेवटी पकडीत धरून दोन-तीन वेगवेगळ्या काडतुसांचे ग्रुप काढावेत, आणि एकही चांगला निघाला नाही तर किंमत कितीही कमी असली तरी रायफल परत करावी.