डाळिंबाच्या खोडातील दुसरा शेतकरी

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुका म्हणजे डाळिंबाचे माहेरघर. २०२१-२२ च्या सुमारास तेथील कित्येक बागा पाहता पाहता वाळू लागल्या. बुंध्याशी टाचणीने पाडावीत तशी बारीक छिद्रे आणि त्यांतून गळणारा भुसा, एवढीच काय ती खूण.

हे कृत्य अवघ्या दोन-अडीच मिलिमीटर लांबीच्या भुंगेऱ्याचे. नवल असे की, तो लाकूड खातच नाही. मादी येताना बुरशीचे बीज बरोबर आणते, खोडात बोगदे कोरून तेथे तिची लागवड करते आणि त्या पिकावर पिल्ले पोसते. नराला तर उडताही येत नाही. नवे झाड शोधावे ते मादीनेच, आणि अशक्त झाड तिला आधी सापडते. इकडे झाडाच्या रसवाहिन्या बंद पडून पाने पिवळी होतात.

कीड आत शिरल्यावर वरची फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून गेरू व कीटकनाशक यांचा लेप बुंध्याला आधीच द्यावा लागतो. वाळलेले झाड मुळासकट उपटून जाळावे, हे मात्र जिवावर येते. पोरासारखे वाढविलेले झाड. निदान सरपण तरी होईल, म्हणून आपण ते बांधावर रचून ठेवतो. त्याच ढिगातून नव्या माद्या शेजाऱ्याच्या बागेकडे निघतात.