धीर नेमका कोणी धरायचा?

‘जरा धीर धरा’ हा सल्ला आपल्याकडे बहुधा दुबळ्या बाजूच्याच वाट्याला येतो. पगार थकला की कामगाराने धीर धरायचा, जाच होत असला तर सुनेने, पेन्शनची फाईल अडली की हेलपाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याने. चर्चमधल्या उपदेशातही हा सल्ला कधीकधी देवाच्या नावाने दिला जातो: देव एवढा सहनशील, मग तुम्हीही सोसा. बायबलमधल्या देवाच्या सहनशीलतेच्या गोष्टी मात्र वेगळेच सांगतात. निर्गमच्या 34व्या अध्यायात देवाला मंदक्रोध म्हटले आहे, आणि तिथे देव हा शिक्षा करण्याचा पूर्ण अधिकार असलेला पक्ष आहे. हात उगारता येत असताना तो आवरणे, हा या सहनशीलतेचा गाभा आहे.

मत्तयच्या 18व्या अध्यायातला येशूचा दाखला हेच हिशेबासकट उलगडून दाखवतो. एका चाकराकडे राजाचे दहा हजार तालांत थकले आहेत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी झाली. चाकर पाया पडून मुदत मागतो, राजा सगळे कर्जच सोडून देतो. बाहेर पडताच या चाकराला शंभर दीनार देणे असलेला सोबती भेटतो. तोही जवळपास त्याच शब्दांत मुदत मागतो, पण चाकर त्याची नरडी धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. शंभर दिवसांची मजुरी ही काही चिल्लर नव्हे. येणे खरेच होते आणि वसुलीचा हक्कही. त्या क्षणी वरचढ बाजू चाकराची होती, आणि स्वतःला मिळालेली सवलत पुढे द्यायला तो तयार नव्हता. राजा पुढे त्याच्यावर संतापतो तो त्यासाठी.

यावर कोणी म्हणेल, देव अपराध्याला मुदत देत राहिला तर तिची किंमत मोजतो तो अन्याय झालेला माणूस. आक्षेप रास्त आहे आणि तो पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनाही छळत होता. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातले उत्तर असे की हा विलंब ढिलाई नाही. लोकांना पश्चात्तापाला अवसर मिळावा म्हणून तो आहे. लूकच्या 13व्या अध्यायातले अंजिराचे झाड हा मुद्दा स्पष्ट करते. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक ते तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो. पण त्या वर्षात तो आळे खणणार आहे, खत घालणार आहे, आणि तरीही फळ धरले नाही तर तोडायला त्याची ना नाही. म्हणजे या धीराला मेहनतीची जोड आहे आणि शेवटही आहे. नुसती डोळेझाक त्यात बसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. याकोबाचे पत्र तर थेट सोसणाऱ्यांनाच, पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखा धीर धरायला सांगते. पण त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात, या उपदेशाच्या आधी, कापणी करणाऱ्यांची मजुरी अडकवणाऱ्या धनिकांना सणसणीत फटकारले आहे. मजुराला आशा सोडू नकोस असे सांगताना मालकाची गय केलेली नाही. हा क्रम विसरला की उपदेशाचे हत्यार होते. 1963 साली अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वंशभेदाविरुद्धची निदर्शने अवेळी असल्याचे जाहीर केले, तेव्हा स्वतः पाळक असलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात थांबण्याचा हा सल्ला ठामपणे नाकारला. देवाच्या सहनशीलतेवरचा विश्वास त्यांच्या आड आला नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. म्हणून हा विश्वास रोजच्या जगण्यात तपासायचा असेल, तर प्रत्येकाने आपण वरचढ कुठे आहोत ते आधी पाहावे: उसने दिलेल्या पैशांबाबत, घरकामाच्या बाईंच्या खाड्यांबाबत, हाताखालच्या नवख्या माणसाच्या चुकांबाबत. धीर धरायची पहिली पाळी तिथे आपली आहे. आणि ज्याचे पैसे आपल्याकडे थकले आहेत, त्याला धीराचा उपदेश करण्याऐवजी त्याचे पैसे देऊन टाकावेत.