बार उघडताना आणि बंद करताना : रोजच्या कामाची शिस्त

या टिपणात आपण बारमधील रोजच्या दोन कामांचा विचार करू: उघडण्याचे आणि बंद करण्याचे. विद्यार्थी हॉटेल व्यवस्थापनाचा असो वा अभियांत्रिकीचा, यातील तत्त्व दोघांच्याही उपयोगाचे आहे.

१. मूळ कल्पना

भिलाईजवळच्या उतईसारख्या गावात 'पाळी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पोलाद कारखान्यात जाणारी पाळी यंत्रांची स्थिती वहीत लिहिते आणि येणारी पाळी ती वाचून काम हाती घेते. बारचेही तसेच आहे. फरक एवढाच, की इथे दोन पाळ्यांच्या मध्ये काही तास कुलूप असते. म्हणून रात्री लिहिलेला आकडा सकाळी पुन्हा मोजून पाहावा लागतो. बंद करणे आणि उघडणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे लक्षात ठेवा.

२. उघडताना

क्रम असा ठेवा:

अ) बाहेर पडण्याचे मार्ग. संकटकालीन दार उघडते का, त्यापुढे खोकी किंवा खुर्च्या रचल्या आहेत का, अग्निशामक जागेवर आहे का, हे सर्वांत आधी पाहा. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईतील कमला मिल आवारात, गच्चीवरील रेस्टॉरंट-बारमध्ये लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. बहुतेक जण धुराने गुदमरले. ही तपासणी दोन मिनिटांची आहे. ती ग्राहक येण्यापूर्वीच होऊ शकते.

आ) तारीख आणि परवाना. आज 'ड्राय डे' आहे का? २ ऑक्टोबर सर्वांना आठवतो, पण निवडणुकीच्या काळातील दिवस विसरले जातात. नियम राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रात बारला 'परमिट रूम' म्हणतात, कारण तिथे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्यालाही परवाना लागतो. तिथे बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे, तर व्हिस्की-रमसाठी २५ वर्षे आहे.

इ) साठा. काल रात्रीचा आकडा न पाहता बाटल्या मोजा, मग वहीशी ताडून पाहा. आधी आकडा पाहिला, तर डोळ्याला तोच दिसतो.

ई) मांडणी. फ्रीजचे तापमान, स्वच्छ ग्लास, कापलेले लिंबू, सुटे पैसे आणि पेगमाप. पेगमापावर वैध मापन विभागाचा शिक्का असावा. बर्फ चमच्यानेच काढा, ग्लासने नाही. बर्फात ग्लास फुटला, तर सगळा बर्फ टाकून द्या. काच आणि बर्फ वेगळे ओळखता येत नाहीत.

३. बंद करताना

शेवटची ऑर्डर घेतल्यावर आधी सर्व बिले पूर्ण करा, मग साठा मोजा, मग रोकड. हा क्रम उलटला, तर मोजणीनंतर ओतलेला पेग हिशेबात हरवतो. त्यानंतर ओतण्याच्या तोट्या धुवा, उघड्या बाटल्यांना बूच लावा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, दिवे मालवा. मेन स्विच मात्र पाडू नका. फ्रीज रात्रभर चालू राहिला पाहिजे.

४. साठ्याचे गणित

वापर = सुरुवातीचा साठा + आवक − अखेरचा साठा

उदाहरण: एका व्हिस्कीच्या ७५० मिलीच्या ४ भरलेल्या बाटल्या आणि एका उघड्या बाटलीत ४५० मिली, म्हणजे ३४५० मिली. दिवसात २ बाटल्या आल्या: १५०० मिली. रात्री ३ भरलेल्या आणि ३०० मिली उरली: २५५० मिली.

वापर = ३४५० + १५०० − २५५० = २४०० मिली, म्हणजे ३० मिलीचे ८० पेग.

बिले मात्र ७६ पेगांची आहेत. तूट ४ पेग, म्हणजे वापराच्या ५ टक्के.

आता घाईने चोरी म्हणू नका. २४०० ला ७६ ने भागा: ३१.६ मिली. प्रत्येक पेगमध्ये दीड मिलीच्या आसपास जास्त गेली, तरी एवढी तूट येते, आणि दीड मिली डोळ्याला दिसत नाही. एका रात्रीचा आकडा कारण सांगत नाही. आठवडाभराचे आकडे पुष्कळ सांगतात:

• सर्व ब्रँडमध्ये विक्रीच्या प्रमाणात तूट: ओतण्याची सवय किंवा माप.
• एकाच ब्रँडमध्ये किंवा एकाच ड्युटीत तूट: बिल न होणारी विक्री असू शकते.
• आज तूट, उद्या तेवढीच वाढ: मोजणीतील चूक.

उघड्या बाटलीचा अंदाज डोळ्याने घेण्यापेक्षा वजन करा आणि रिकाम्या बाटलीचे वजन वजा करा. ४२.८ टक्के मद्यार्काच्या ३० मिली व्हिस्कीचे वजन सुमारे २८ ग्रॅम भरते.

५. दोन सह्या कशासाठी?

तूट निघाली की ती काउंटरवरच्या माणसाच्या पगारातून कापण्याचा मोह मालकाला होतो. मोजणी चुकीची असेल, तर निरपराध माणूस भुर्दंड भरतो. म्हणून रात्री मोजणारा आणि सकाळी पडताळणारा वेगळा असावा, आणि दोघांची सही असावी. ही वही मालकाच्या मालाइतकेच कामगाराच्या नावाचेही रक्षण करते.

स्वाध्याय

१) रमच्या २ भरलेल्या बाटल्या व ६०० मिली होती. आवक नाही. रात्री १ बाटली व ४५० मिली उरली. बिले २८ पेगांची. तूट किती? प्रत्येक पेगमागे सरासरी किती मिली गेली?
२) बिले पूर्ण होण्यापूर्वी साठा मोजला, तर कोणती चूक होईल?
३) तुमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी अशीच उघडण्याची व बंद करण्याची यादी तयार करा. पहिले काम कोणते ठेवाल आणि का?