घरांतील वटवाघळें व त्यांना दूर करण्याची योग्य रीति

ज्या प्राण्यांविषयीं आपल्या मनांत तिटकारा पुष्कळ, परंतु खरी माहिती थोडी असते, त्यांपैकीं वटवाघूळ हा एक होय. तें अंगास चिकटलें म्हणजे सुटत नाहीं, घरांत शिरलें म्हणजे अशुभ होतें, अशा समजुती आपल्याकडे अजून ऐकूं येतात. त्यामुळें मालेगांवासारख्या गांवीं जुन्या माळवदाच्या सांदींत किंवा टिनाच्या छपराखालीं पाकोळ्या आढळल्या कीं, काठी, धूर किंवा विष हेच उपाय लोकांस सुचतात. हे उपाय क्रूर तर आहेतच, पण त्यांनीं कार्यही साधत नाहीं.

वटवाघूळ हा पक्षी नव्हे. पंखांनीं खरोखर उडूं शकणारा तो एकमेव सस्तन प्राणी होय. वडा-पिंपळावर लोंबणारीं मोठीं, फळें खाणारीं वटवाघळें घरांत सहसा राहत नाहींत. घरांत वस्ती करतात त्या लहान, किडे खाणाऱ्या जाती. आपल्या कानास ऐकूं न येणारा सूक्ष्म स्वर काढून, त्याच्या प्रतिध्वनीवरून त्या अंधारांत मार्ग ओळखतात. अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन व त्यांचे सहकारी यांनीं १९३८ पासून केलेल्या प्रयोगांनीं हें सिद्ध झालें. डांस व पतंग हें त्यांचें भक्ष्य असल्यामुळें कापूस, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या आपल्या तालुक्यास त्यांचा उपयोगच होतो. शिवाय मादीस एका खेपेस बहुधा एक किंवा दोनच पिलें होतात. म्हणून मारलेली वस्ती लवकर भरून येत नाहीं.

मग घरांतील घाण व दुर्गंधि मुकाट्यानें सोसावी काय? मुळींच नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांस वटवाघळांच्या विष्ठेनें हानि पोंचली, तेव्हां दारांस व खिडक्यांस जाळी बसवून त्यांचा प्रवेश बंद करावा लागला. प्राण्यास न मारतां त्याची वाट बंद करणें, हेंच ह्या उपायाचें मर्म आहे.

प्रथम दोन-तीन दिवस सायंकाळीं बाहेर उभें राहून पाकोळ्या कोणत्या फटींतून निघतात तें पाहावें. अशा फटीपाशीं काळसर डाग व खालीं लेंड्या आढळतात. ह्या लेंड्या उंदराच्या लेंड्यांसारख्या दिसतात. परंतु चुरडल्यास त्यांचा भुगा होतो व त्यांत किड्यांचे चकाकणारे कण दिसतात.

नंतर आंत पिलें आहेत कीं काय, ह्याची खात्री करावी. मोठ्या पाकोळ्या बाहेर गेल्यावरही आंतून चिंचीं असा आवाज येत असेल, तर पिलें आहेत असें समजून थांबावें. कांहीं जातींस वर्षांतून एकाहून अधिक वेळां पिलें होतात. म्हणून केवळ महिना पाहून निर्णय करूं नये. लहान जातींचीं पिलें साधारणतः महिना-दीड महिन्यांत उडूं लागतात. तत्पूर्वीं वाट बुजविल्यास तीं उपाशीं मरतात, त्यांच्या आया वेड्यापिशा होऊन घरभर घिरट्या घालतात, आणि दुर्गंधि पूर्वीपेक्षां वाढते.

पिलें नसल्यास फटीवर बारीक जाळी लावावी. ती वरच्या व दोन्ही बाजूंनीं पक्की करावी. खालची बाजू मात्र मोकळी सोडून फटीखालीं दीड-दोन फूट लोंबूं द्यावी. पाकोळी जाळीवरून सरपटत खालून बाहेर पडते; परत येतांना ती नेहमींच्या फटीपाशींच येते, व तेथें जाळी असल्यामुळें आंत शिरूं शकत नाहीं. मोठ्या छिद्रांचें मासे धरण्याचें जाळें मात्र वापरूं नये. त्यांत पंख अडकतात. पांच ते सात रात्रींनंतर कोणी निघत नाहीं असें दिसलें म्हणजे जाळी काढून बोट शिरेल एवढीही फट चुन्यानें किंवा सिमेंटनें बुजवावी. लेंड्या झाडण्यापूर्वीं पाणी शिंपडावें व नाकातोंडास फडकें बांधावें. कोरड्या धुळीनें फुप्फुसांचा रोग होण्याचा संभव असतो.

एखादी पाकोळी खोलींत शिरल्यास प्रथम पंखा बंद करावा, आंतलें दार लोटून खिडक्या उघडाव्या व दिवा मालवावा. ती आपोआप जाईल. बसून राहिल्यास तिच्यावर खोका पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा व अंधार पडल्यावर बाहेर भिंतीवर किंवा झाडावर सोडावी. कारण पुष्कळ जातींस जमिनीवरून उडतां येत नाहीं. उघड्या हातानें तिला कधींही धरूं नये. चावा किंवा ओरखडा लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावें. जलसंत्रासाच्या रोगावर लक्षणें दिसण्यापूर्वींच लस घेतली पाहिजे.

छपरावर चढण्याचें व जाळी बांधण्याचें काम अर्थात् वडील मंडळींचें आहे. परंतु सायंकाळीं अंगणांत उभें राहून कोणत्या फटींतून किती पाकोळ्या निघाल्या हें मोजण्याचें काम विद्यार्थ्यांस सहज करतां येईल. आणि सर्व उपाय त्याच माहितीवर अवलंबून आहे.