‘मेडिकल’वाल्याला विचारा तर खरं!

किन्हवलीच्या आमच्या बचत गटातल्या मावशी सलग दोन बैठकांना आल्या नाहीत, म्हणून पाहायला गेले. अंथरुणावर होत्या. चक्कर येऊन अंगणात पडल्या होत्या. उशाशी गोळ्यांच्या दोन पट्ट्या. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. नावं वेगळी, औषध एकच, ब्लडप्रेशरचं अ‍ॅम्लोडिपिन! दुकानात नेहमीची गोळी नव्हती, म्हणून काउंटरवरच्या पोऱ्याने दुसऱ्या कंपनीची दिली. मावशींना वाटलं, डॉक्टरांनी नवी वाढवली. त्या रोज दोन्ही घेत होत्या. फार्मासिस्ट म्हणे जेवायला गेला होता.

मैत्रिणींनो, गोळी चुकीची नव्हती. सांगणारं कुणी नव्हतं.

आपण सरसकट ‘मेडिकलवाला’ म्हणतो. पण १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध देण्याचं काम नोंदणी झालेल्या फार्मासिस्टचं आहे. बारावी सायन्सनंतर किमान दोन वर्षांचा डिप्लोमा आणि वर ५०० तासांचं प्रत्यक्ष काम, एवढं शिक्षण त्यामागे असतं. औषध कसं घ्यायचं हे समजावणं त्याचं कामच आहे, असं २०१५ चे नियम सांगतात. शिवाय औषधं सारखी बदलतात, म्हणून पाच वर्षांत निदान दोन उजळणी वर्गही करायचे असतात. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिल असे वर्ग घेते.

कामानिमित्त मुरबाडला जाते, तिथे एक मुलगी दुकान चालवते. ती म्हणाली, “ताई, वर्गाला जायचं म्हणजे एसटीने कल्याण गाठा, दिवसभर दुकान बंद. धंदा बुडतो. पण तिथून आल्यापासून मी गिऱ्हाइकालाच विचारते, आता तुम्ही मला सांगा, गोळी कधी घ्यायची?” वाचता न येणाऱ्या बायकांसाठी ती पाकिटावर सूर्य नि चंद्र काढते. मला फार आवडलं.

पण सगळीकडे असं नाही, आणि आपणही घाईत पैसे टाकून निघतो. तेव्हा एवढं करा. “फार्मासिस्ट आहेत का?” असं विचारा. घरी चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या पिशवीतून न्या. नाव बदललेलं दिसलं तर “ही जुनीच्या बदली का जास्तीची?” हे विचारल्याशिवाय पायरी उतरू नका.

मावशी आता बऱ्या आहेत. गटातल्या बायकांना त्याच हे बजावतात.