न्यायाधीश परीक्षेतला निबंध : कलमं पाठ असून भागत नाही

लोहा : वकिलीसाठी द्यावी लागणारी अखिल भारतीय बार परीक्षा पर्यायी प्रश्नांची असते. 100 प्रश्न, उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत. खरा कस लागतो तो पुढं, दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या मुख्य परीक्षेत. एमपीएससीच्या या परीक्षेत दुसऱ्या पेपरला चालू कायदेविषयक विषयावर निबंध असतो. कलमं तोंडपाठ असलेला उमेदवारही इथं अडू शकतो.

निबंध म्हणजे भाषण नव्हे. प्रश्न काय, कायदा काय सांगतो, न्यायालयानं काय ठरवलं, अडचण कुठं आहे आणि उपाय कोणता, या पाच पायऱ्या धरून लिहिलं की मांडणी भरकटत नाही.

उदाहरण आपल्याच मराठवाड्यातलं घ्या. विषय ‘इलेक्ट्रॉनिक पुरावा’. 2014 च्या जालना विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढं आलं. औरंगाबाद खंडपीठानं 2017 मध्ये निवड रद्द केली. 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ते अपील फेटाळलं आणि मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्र आवश्यकच, असं स्पष्ट केलं. मात्र सगळे प्रयत्न करूनही अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र दिलं नाही, तर पक्षकाराला त्याचा फटका बसू नये, हेही मान्य केलं.

तेव्हा हा मुद्दा पुरावा कायद्याच्या कलम 65-ब मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तिथं तो कलम 63 मध्ये आहे. जुन्या गाईडवरून अभ्यास करणाऱ्यांची गफलत इथंच होते. म्हणून जुनं आणि नवं कलम शेजारी-शेजारी लिहून ठेवावं. निबंधाचा शेवट गावाकडच्या अडचणीवर करता येईल. बांधावरच्या भांडणाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये असतो, पण तो कोर्टात कसा द्यायचा हे पक्षकाराला ठाऊक नसतं.

सर्वोच्च न्यायालयानं 20 मे 2025 च्या निकालात या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. खेड्यातल्या, घरून पैसा नसलेल्या पोरांना ही वर्षं जड जातात. पण तालुका कोर्टात रोज कानावर पडणारे वाटणीचे, बांधाचे, पोटगीचे दावे हीच निबंधाची सामग्री आहे. आठवड्याला एक निबंध घड्याळ लावून हातानं लिहावा आणि सीनियर वकिलाकडून तपासून घ्यावा. माध्यम व अभ्यासक्रम मात्र त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये.