गळ्यातला झटका
माणूस आणि कुत्रा : भाग ६

खाऊ आणि शाबासकीवर कुत्रं कसं शिकतं, ते गेल्या भागात पाहिलं. त्यावर हमखास येणारा प्रश्न असा : समोरून मेंढ्यांचा कळप चाललाय, कुत्रं सुसाट सुटलंय, खाऊच काय, मालकाची हाकही त्याच्या कानात शिरत नाही, तेव्हा काय करायचं? इलेक्ट्रॉनिक कॉलरची बाजू घेणारे याच प्रश्नावर पाय रोवून उभे आहेत.

यंत्र तसं साधं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला धातूची दोन टोकं मानेच्या कातडीला टेकलेली, मालकाच्या हातात रिमोट. बटण दाबलं की झटका. तो कमी-जास्त करता येतो; बऱ्याच पट्ट्यांत झटक्याआधी नुसता आवाज किंवा कंप देण्याचीही सोय असते. झटका दुखतो की नाही यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर येतात. मला तो वाद निम्मा वाया गेलेला वाटतो. जराही नकोसा नसलेला झटका कुत्र्याला थांबवणार तरी कसा? खरा प्रश्न असा, की तो कशामुळे बसला हे कुत्र्याला कळतं का?

जर्मनीत हॅनोव्हरच्या संशोधकांनी २००७ मध्ये नेमकं हेच तपासलं. चौदा बीगल कुत्री आणि पळणारं नकली सावज. काहींना सावजाला तोंड लावलं त्याच क्षणी झटका, काहींना हाक मारूनही न फिरल्याबद्दल, तर काहींना केव्हाही, विनाकारण. मग लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. पहिल्या गटावर फारसा ताण दिसला नाही. विनाकारण झटके खाणाऱ्यांवर तो सर्वाधिक होता, आणि हाक न ऐकल्याबद्दल शिक्षा झालेलेही पहिल्या गटापेक्षा बरेच तणावाखाली होते. म्हणजे ‘तोंड लावलं आणि बसला’ हे कुत्र्याला उमगतं. ‘हाक ऐकली नाही म्हणून बसला’ हे तितकंसं उमगत नाही. आणि घरोघरचे मालक ही कॉलर घेतात ती मुख्यतः हाकेसाठीच!

ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचा अभ्यास तर कॉलरवाल्यांना जास्तच अडचणीचा ठरला. त्रेसष्ट पाळीव कुत्री, तीन गट. कॉलर वापरणारे ट्रेनर खुद्द उत्पादकांच्या संघटनेनं सुचवलेले होते, म्हणजे ‘अडाण्याच्या हाती रिमोट दिला’ ही सबब उरली नाही. २०१४ च्या निष्कर्षानुसार कॉलरमुळे ठोस जादा फायदा दिसला नाही. त्याच प्रशिक्षणाची चित्रफीत पुन्हा तपासून २०२० मध्ये जे छापलं गेलं त्यात बक्षिसावर शिकवलेली कुत्री पहिल्याच हाकेला अधिक वेळा प्रतिसाद देत होती.

अर्थात निकाल एकतर्फी नाही. अमेरिकेतल्या २०२४ च्या एका छोट्या प्रयोगात पळत्या आमिषामागं धावणं कॉलरनं झटपट थांबलं, खाऊनं थांबलं नाही. कुत्री झटक्याला किंचाळली, हेही त्याच निबंधात आहे. खाऊच्या गटांना शिकवण्याची पद्धतच तोकडी होती, अशी टीका त्यावर लगेच झाली.

न्यूझीलंडचं उदाहरण मात्र नुसतं झटकून टाकता येत नाही. १९८७ मध्ये वाइटंगीच्या जंगलात एका मोकाट जर्मन शेफर्डनं काही आठवड्यांत सुमारे पाचशे किवी पक्षी मारले असावेत, असा अंदाज आहे. तिथं शिकारी कुत्र्यांना मेलेला किवी, पिसं, विष्ठा यांच्या वासावर झटका देऊन त्या पक्ष्यापासून दूर राहायला शिकवतात. सरकारी संवर्धन खात्याचा त्याला पाठिंबा आहे. पण इथं बटण जाणत्या प्रशिक्षकाच्या हातात असतं, शिकवायची गोष्ट एकच असते आणि तिचा वास स्पष्ट असतो. हॅनोव्हरच्या पहिल्या गटाचंच हे मोठं रूप. यावरून ‘रोजच्या फिरण्यातही कॉलर हवीच’ असा अर्थ काढणं म्हणजे निव्वळ सोयीचा तर्क.

वेल्सनं २०१० मध्ये या कॉलरवर बंदी घातली. खरं तर तो मेंढ्यांचाच मुलूख! उत्पादक कोर्टात गेले आणि हरले. जर्मनीत २००६ मध्येच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं वापराची दारं जवळपास बंद केली. इंग्लंडमधली बंदी १ फेब्रुवारी २०२४ पासून यायची होती, पण संसदेतली मंजुरी अर्धवट राहिली आणि ती आलीच नाही.

आपल्याकडं हे पट्टे ऑनलाइन सर्रास मिळतात; सोबत ट्रेनर येत नाही, माहितीपत्रक येतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात त्यांचं नाव नाही. क्रूरतेचं सर्वसाधारण कलम लावता येईल, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पट्ट्याची किंमत त्याच्या कितीतरी पट असते.

मेंढ्यांमागं धावणाऱ्या कुत्र्याला लांब दोरीवर परत यायला कसं शिकवतात, ते पुढच्या भागात.